मोनोवाय : लोकसंख्या एक, किंवा दोन

शंकेखोर : मोनोवायला गाव कशाच्या जोरावर म्हणायचं, ते आधी सांगा. नेब्रास्का राज्याच्या उत्तर टोकाला बॉइड काउंटी आहे. तिथे १२ नंबरच्या हमरस्त्याला लागून हे ठिकाण. २०१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली १. गावाचा कायदेशीर दर्जा आहे आणि रहिवासी एकच, असं त्या वेळी अमेरिकेत दुसरं ठिकाण नव्हतं. ती एक म्हातारी बाई. तीच मेयर, तीच कारकून, तीच खजिनदार. तिचं टॅव्हर्न आहे, त्याच्या दारू परवान्याच्या अर्जाला गावाची संमती लागते. म्हणजे अर्ज करणारी ती आणि गावातर्फे सही करणारीही ती. कर ती स्वतःलाच भरते. जनगणनेच्या तक्त्यात तर मौजच आहे : स्त्रिया १०० टक्के, पुरुष ०, वयाची ६५ ओलांडलेले १०० टक्के. एका माणसाची टक्केवारी काढायला सरकारी यंत्र बसतं आणि जगभरचे पत्रकार त्या पाटीचा फोटो काढायला धावतात, ‘मोनोवाय १’. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. आपल्याकडे महसूल दप्तरात अशा ठिकाणाला बेचिराग लिहायला एकच मृत्यू बाकी आहे, असं म्हणाले असते.

कैवारी : तुम्ही रात्री कोण कुठे झोपतं ते मोजताय. जनगणनाही तेच मोजते, तेव्हा दोष तुमचा एकट्याचा नाही. पण मोनोवाय हे झोपायचं गाव कधीच नव्हतं, ते यायचं गाव होतं. नकाशा पाहा. दक्षिणेला नायोब्रारा नदी, उत्तरेला मिसुरी, मधे चढउतारांची जमीन. मका, गवत आणि गुरं. गावाची हद्द जेमतेम ०.२१ चौरस मैल, म्हणजे १३४ एकरांच्या आसपास. सरकारी जमीन कसणाऱ्यांना वाटणाऱ्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर मिळत. म्हणजे अख्खं गाव एका शेतकऱ्याच्या वाट्याहून लहान! ते आखलं १९०२ मध्ये, कारण त्या वर्षी फ्रेमाँट, एल्कहॉर्न अँड मिसुरी व्हॅली कंपनीची रेल्वे तिथवर आली. शेतकऱ्याने घोडागाडीत धान्य भरून स्टेशनावर यावं, माल घालावा, मीठ-साखर-रॉकेल घ्यावं आणि अंधार पडायच्या आत घरी पोचावं, एवढ्या अंतरावर रेल्वेला गावं हवी होती. म्हणून त्या मुलखात दर सात-दहा मैलांवर एक गाव दिसतं. १९३० मध्ये मोनोवायची लोकसंख्या १२३ होती. ही माणसं कोण? स्टेशन सांभाळणारे, वाणी, पोस्टवाला, शाळामास्तर, आणि त्यांची बायकापोरं. मी तर म्हणेन, १२३ ही गावाची लोकसंख्या नव्हतीच, तो दुकानातल्या नोकरमंडळींचा पट होता. गिऱ्हाईक आजूबाजूच्या शेतांवर राहत होतं आणि ते गावाच्या खात्यात कधी धरलंच गेलं नाही. आता नोकरमंडळींत एक उरली. गिऱ्हाईक कमी झालं, पण संपलं नाही. त्या टॅव्हर्नमध्ये बर्गर खायला, बिअर प्यायला, पत्ते कुटायला लोक दूरदूरच्या शेतांवरून येतात. मग गाव केवढं म्हणायचं? १३४ एकरांचं, की त्या गिऱ्हाइकांच्या वर्तुळाएवढं?

शंकेखोर : चांगलं. मग तुमच्याच हिशेबाने चालू. गाव म्हणजे सोयींचा ठेवा, असं तुमचं म्हणणं. तर सोयी मोजा. पोस्ट १९६७ मध्ये बंद झालं. किराणा दुकानं त्याच सुमारास गेली. शाळा १९७४ मध्ये गेली. राहिलं एक टॅव्हर्न, आणि नवरा गेल्यावर त्याच्या पुस्तकांचं तिने केलेलं छोटं ग्रंथालय, पाचेक हजार पुस्तकांचं. ग्रंथालयाबद्दल मला आदर आहे, पण त्याने गाव होत नाही. आणि हे सगळं का गेलं, याचं गणित अगदी सोपं आहे. अमेरिकन सरकारने १७८५ पासून जमीन चौकटीत कापली : ६ मैल बाय ६ मैलांची टाउनशिप, तिच्यात ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा. एका तुकड्यात १६० एकरांची चार कुटुंबं, म्हणजे टाउनशिपमध्ये १४४. आता २०१७ च्या शेतीगणनेत नेब्रास्कातलं सरासरी शेत ९७१ एकरांचं. त्या मापाने त्याच टाउनशिपमध्ये सुमारे २४ शेतं मावतात. १४४ चे २४ झाले, तर वाण्याने कुणाला विकायचं? आणि मुळात १४४ हा आकडाच खोटा होता. मोनोवाय ९८ व्या रेखांशाच्या किंचित पश्चिमेला आहे. जॉन वेस्ली पॉवेल याने १८७८ मध्येच सरकारला अहवाल दिला होता, की १०० व्या रेखांशापलीकडे पावसाच्या भरवशावर शेती चालणार नाही, तिथे जमीनवाटपाचं माप वेगळं हवं. पुढे १९३१ मध्ये वॉल्टर प्रेस्कॉट वेब या इतिहासकाराने ती भेगेची रेषा ९८ वर आणली. म्हणजे मोनोवाय थेट रेषेवर. १६० एकर हे भरपूर पावसाच्या ओहायोचं माप. ते इथे लावलं. वॉशिंग्टनमध्ये बसून केलेला कायदा आणि शिकागोत बसून आखलेली रेल्वे, यांनी मिळून एक चुकीचं गाव वसवलं. त्याला मरायला शंभर वर्षं लागली, इतकंच.

कैवारी : पावसाची गोष्ट अर्धी खरी आहे. आता उरलेली अर्धी ऐका. आयोवात पाऊस भरपूर, माती काळीभोर, जगातल्या उत्तम जमिनींपैकी. तरी आयोवातल्या कित्येक काउंट्यांची लोकसंख्या १९०० च्या सुमाराला होती तेवढी पुन्हा कधी झाली नाही. तिथे कोणता रेखांश आडवा आला? गावं ओसरली ती जमीन नापीक निघाली म्हणून नव्हे. जमीन फारच पिकू लागली, आणि कमी हातांनी पिकू लागली. ट्रॅक्टर आला, संकरित मका आला, खतं आली, कणसं काढून दाणे वेगळे करणारं कंबाइन आलं. ज्या कामाला दहा माणसं आणि वीस घोडे लागत, ते एक माणूस काचेच्या केबिनमध्ये बसून करतो. याला तुम्ही चूक म्हणणार? हे गाव आपल्या धंद्याच्या यशाने मेलं असं म्हणा, ते मला पटेल. आणि यश कुणाचं, हा प्रश्नही विचारा, कारण मका वाढला म्हणून मोनोवायच्या वाण्याला काही मिळालं नाही.

शंकेखोर : यशाने मेलं म्हणा नाही तर अपयशाने, मेलं हे तर तुम्ही कबूल केलंत. आता काउंटीकडे या. १९१० मध्ये बॉइड काउंटीत ८,८२६ माणसं होती. २०२० मध्ये १,८१०. जमीन सुमारे ५४० चौरस मैल. म्हणजे दर चौरस मैलाला १६ होती, ती सव्वातीनवर आली. १८९० च्या जनगणनेत अमेरिकन सरकारने एक रेघ ठेवली होती : चौरस मैलाला दोनपेक्षा कमी माणसं तो मुलूख वस्तीबाहेरचा, आणि दोन ते सहा ही वस्तीची सगळ्यांत खालची पायरी. त्याच जनगणनेच्या आधारे जाहीर झालं, की आता वस्तीच्या सीमेची सलग रेषा काढता येत नाही. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर याने १८९३ मध्ये त्यावर आपला प्रसिद्ध प्रबंध उभारला. गंमत बघा, बॉइड काउंटी वसाहतीला मोकळी झाली तीही १८९० मध्ये. म्हणजे ज्या वर्षीच्या जनगणनेने ‘सीमा संपली’ म्हणून सांगितलं त्याच वर्षी ही काउंटी वसू लागली, आणि सव्वाशे वर्षांनी पुन्हा खालच्या पायरीवर येऊन बसली. त्याच काउंटीतल्या ग्रॉस नावाच्या गावात २०१० मध्ये दोन माणसं होती. १९८७ मध्ये न्यू जर्सीच्या फ्रँक आणि डेबोरा पॉपर या नवरा-बायकोने लिहिलं, की या मैदानी मुलखाचा मोठा भाग पुन्हा गवताला आणि बायसनला देऊन टाका. या कल्पनेचं नाव ‘बफेलो कॉमन्स’. तिथले लोक खवळले. पण आकडे पॉपरांच्या बाजूने जात राहिले.

कैवारी : पॉपर पती-पत्नींना मी वेडं म्हणत नाही. पण ‘ही जमीन रिकामी आहे’ हे वाक्य या जागेवर कुणी बोललं की माझे कान टवकारतात. कारण ही या मुलखातली सगळ्यांत जुनी युक्ती आहे. नायोब्राराच्या मुखाशी, म्हणजे मोनोवायच्या खालच्या अंगाला, पाँका या आदिवासी (इंडियन) जमातीची वस्ती होती. १८७७ मध्ये सरकारने त्यांना उचलून इंडियन टेरिटरीत, आजच्या ओक्लाहोमात नेलं. तिथे रोगराईने माणसं मेली. त्यांचा नायक स्टँडिंग बेअर याचा मुलगा मेला. मला नायोब्राराकाठी पुरा, असं तो सांगून गेला. १८७९ च्या जानेवारीत बाप मुलाची हाडं घेऊन, थोडी माणसं बरोबर घेऊन, बर्फातून उत्तरेला पायी निघाला. लष्कराने त्यांना अटक केली. ओमाहाच्या कोर्टात त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला, की इंडियन मनुष्य हासुद्धा कायद्याच्या अर्थाने ‘व्यक्ती’ आहे. हा निकाल लागतो आणि पुरती बारा वर्षंही होत नाहीत तोच १८९० मध्ये त्याच परिसरात होमस्टेडवाले येतात. आणि अमेरिकेच्या राज्यघटनेत प्रतिनिधींच्या जागा ठरवायला जी माणसं मोजायची, त्यांतून ‘कर न भरणारे इंडियन’ वगळलेलेच होते. तेव्हा या जमिनीवर शून्य लिहिलं होतं म्हणजे माणूस नव्हता, असं कधीच नव्हतं. आज तुम्ही सव्वातीन हा आकडा दाखवता तेव्हा मला ते शून्य आठवतं.

शंकेखोर : हे हत्यार तुमच्याच हातात वळलं, ते तुमच्या लक्षात आलं नाही. ज्या गावासाठी तुम्ही गळा काढताय ते त्या रिकाम्या केलेल्या जमिनीवरच उभं राहिलं ना? पाँकांना हाकललं तेव्हा कुणी पाटीवर उतरती लोकसंख्या लिहून फोटो काढले नाहीत. १२३ गोऱ्या माणसांचं गाव एकावर आलं तर ती करुण कथा, आणि एक अख्खी जमात हलवली तर तो इतिहासाचा परिच्छेद. माझी सहानुभूती अशी उलटी वाटली जाणार नाही.

(इथे शंकेखोराची बाजू वरचढ आहे. कैवाऱ्याने पुढे जे उत्तर दिलं आहे ते या आरोपाला उत्तर नाही. पण दोघांच्या भांडणातली सर्वांत कामाची गोष्ट त्याच उत्तरात आहे, म्हणून ते पूर्ण देतो.)

कैवारी : आरोप मान्य. आता त्याच पाँकांची पुढची हकीकत सांगतो, ती तुमच्या पहिल्या प्रश्नाला लागते. तुम्ही विचारलंत, मोनोवाय हे कागदावरचं गाव, त्याला गाव का म्हणायचं. नेब्रास्कातल्या पाँकांची जमात म्हणून असलेली मान्यता काँग्रेसने १९६२ मध्ये कायदा करून काढून घेतली. १९६६ मध्ये ते पुरं झालं. माणसं जिथल्या तिथे होती, घरं होती, आजीच्या तोंडची भाषा होती. फक्त कागद गेला. कागद गेला तशी जमिनीची सामाईक मालकी गेली, दवाखान्याचा हक्क गेला, जमात म्हणून सरकारशी बोलायची सोय गेली. ती मान्यता परत मिळायला १९९० साल उजाडलं. त्यांचं मुख्य कार्यालय आज नायोब्रारा या गावात आहे, मोनोवायच्या शेजारच्या काउंटीत. म्हणजे एकाच नदीच्या काठी दोन उदाहरणं आहेत : इकडे माणसं होती आणि कागद नव्हता, तिकडे कागद आहे आणि माणूस एकच. पहिल्या उदाहरणातल्या लोकांनी कागदासाठी चोवीस वर्षं झगडा केला. तेव्हा कागदाला फुटकळ समजू नका. ती बाई दरवर्षी राज्याकडे रस्त्यांचा आराखडा पाठवते. का? तो पाठवला की राज्याकडून गावाच्या वाट्याचा निधी येतो आणि चार दिवे लागतात. तुम्ही अशा कागदांना हसलात. मी त्याला, आपण अजून एक संस्था आहोत असं दरवर्षी सरकारदरबारी नोंदवणं म्हणतो.

शंकेखोर : नोंदवावं की. पण फरक बघा. पाँकांच्या कागदामागे शेकडो माणसं होती आणि त्यांना तो पुढच्या पिढीला द्यायचा होता. मोनोवायच्या कागदामागे एक बाई आहे. तिच्यानंतर कोण? नेब्रास्काच्या कायद्याप्रमाणे नवं गाव स्थापायला किमान १०० रहिवासी लागतात. म्हणजे आज मोनोवाय नव्याने जन्माला येऊच शकत नाही, फक्त जुन्या जन्माच्या पुण्याईवर टिकून आहे. आणि टिकवायचा खर्च? चार दिव्यांचं सोडा, ते चिल्लर आहे. मार्च २०१९ चा पूर आठवा. १४ तारखेला नायोब्रारावरचं स्पेन्सर धरण बर्फाच्या प्रचंड लाद्यांनी फुटलं. २८१ नंबरच्या रस्त्याचा पूल गेला. नदीखालून बॉइड काउंटीला पिण्याचं पाणी नेणारी मोठी नळवाहिनी तुटली. दोन हजारांहून कमी माणसांच्या काउंटीने हे पुन्हा कुठून बांधायचं? पैसा येणार ओमाहा-लिंकनच्या करदात्यांकडून आणि वॉशिंग्टनहून. मग त्या करदात्याने विचारू नये का, की नकाशावरचा प्रत्येक ठिपका जपलाच पाहिजे का?

कैवारी : विचारावं. पण उत्तर ऐकूनही घ्यावं. तो पूल मोनोवायच्या एका बाईसाठी नव्हता. त्यावरून गुरांचे ट्रक जातात, मका जातो, सोयाबीन जातं. तो माल ओमाहाच्या करदात्याच्या ताटात पडतो. गावं शून्यावर आली तरी पूल लागणारच, कारण जमीन कसली जाणारच. मग प्रश्न असा उरतो, की पूल कुचकामी झालाय, नाला तुंबलाय, डॉक्टर मिळत नाही, हे सांगणारं कुणी तिथे असावं की नसावं. शेजारच्या लिंचमध्ये एक छोटं इस्पितळ अजून चालू आहे. शाळा मात्र एकेक करून एकत्र केल्या. लिंच आणि पश्चिम बॉइड मिळून आता एकच शाळाजिल्हा आहे. प्रत्येक वेळी कारण तेच, मुलं पुरत नाहीत. आणि प्रत्येक वेळी उरलेल्या मुलांना बसमधून आणखी लांब जावं लागतं, मग एखादं कुटुंब कंटाळून शाळेच्या गावी जातं, आणि मुलं आणखी कमी होतात. १९८० मध्ये मोनोवायमध्ये १८ होते, १९९० मध्ये ६, २००० मध्ये २. या उतरणीचं पहिलं पाऊल शेतीने टाकलं, हे तुमचं खरं. पण पुढची कित्येक पावलं आकडा बघून सोयी काढून घेणाऱ्यांनी टाकली. तिच्यानंतर कोण, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते मी सजवून सांगणार नाही.

शंकेखोर : म्हणजे आकडा हा परिणाम असतो तसा कारणही असतो, असं तुम्ही म्हणता. बरं, हे मी घेतो. मग आता २०२० चा आकडा पाहू, कारण तो तुमच्या-माझ्या दोघांच्या पोटात गोळा आणणारा आहे. २०२० च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या छापली २. गावाला आनंद व्हायला हवा होता. दशकात शंभर टक्के वाढ! पण दुसरं माणूस कुणी आलंच नव्हतं. जनगणना खात्याने आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळली होती. कायद्याने कुणाही माणसाची माहिती उघड करायची त्यांना मुभा नाही. संगणकाच्या जोरावर तक्ते उलटे जुळवून एकेक माणूस ओळखता येतो, असं त्यांच्याच तज्ज्ञांनी दाखवलं, म्हणून २०२० साठी गणिती पद्धतीने छोट्या ठिकाणांचे आकडे थोडे वरखाली केले. अलाबामा राज्य या पद्धतीविरुद्ध २०२१ मध्ये कोर्टातही गेलं, पण त्याचं काही चाललं नाही. २०१० मध्ये असं नव्हतं. तेव्हा गावाची एकूण लोकसंख्या खरी ठेवून कुटुंबांची अदलाबदल करत. आता मला सांगा, ज्या ठिकाणाची लोकसंख्या खरी छापली की तिथल्या बाईचं खासगी आयुष्य छापलं जातं, त्या ठिकाणाला आपण लोकसंख्या असलेलं ठिकाण म्हणायचं कसं? गाव आणि माणूस यात तिथे फरकच राहिला नाही.

कैवारी : हे तुम्ही फार अचूक मांडलंत, आणि मी त्यातून उलटा निष्कर्ष काढतो. सरकारने त्या बाईला संरक्षण दिलं ते गाव म्हणून नव्हे, व्यक्ती म्हणून. डंडी यांच्या कोर्टात १८७९ मध्ये जो शब्द लढला गेला, तोच. त्यासाठी गावाचा आकडा खोटा झाला तरी चालेल, असं ठरलं. व्यक्ती जपायची तर गाव धूसर करावं लागतं, आणि गावाची बाजू मांडायची तर नेमका आकडा लागतो. शाळा, रस्ता, इस्पितळ मागायला तोच तर पुरावा. लहान गावाला दोन्ही एकदम मिळत नाहीत. मोठ्या शहराला मिळतात. ओमाहात एक माणूस इकडचा तिकडे झाला तर कुणाला पत्ता लागत नाही.

शंकेखोर : मग आपलं भांडण आता वेगळ्या जागी आलं. मोनोवाय गाव आहे की नाही, हा माझा प्रश्न मी मागे घेतो. आता माझा प्रश्न असा : किती लहान झाल्यावर एखाद्या जागेने स्वतःची बाजू मांडायचा हक्क गमावावा, आणि ती मर्यादा कोणी ठरवावी? शेजारच्याने, राज्याने, की मोजणाऱ्या खात्याने?

कैवारी : शंभर, असं नेब्रास्काच्या कायद्यात लिहिलं आहे, पण ते जन्माला येण्यासाठी. मरण्यासाठी आकडा कुठेही लिहिलेला नाही.

शंकेखोर : आणि तो लिहावा, असं माझं मत.

कैवारी : लिहा, पण लिहिणाऱ्याने आधी काउंटीत एक हिवाळा काढावा.

शंकेखोर : तेही लिहा. तोवर एक गोष्ट मात्र दोघांनी लक्षात ठेवू. २०२० च्या जनगणनेत काही आकड्यांना ही गडबड लावलेली नाही. त्यांतले दोन : प्रत्येक ठिकाणच्या घरांची संख्या, आणि प्रत्येक राज्याची एकूण लोकसंख्या. नेब्रास्काची ती १९,६१,५०४ आहे. मोनोवायमध्ये त्या वेळी जेवढी माणसं खरोखर मोजली गेली, तेवढीच त्या बेरजेत धरलेली आहेत.